मूळ पुरुष कोण? आयर्लंडचे राजे आणि त्यांच्या वंशावळी

कोर्टात वंशावळ दाखल झाली की मी नावं सगळ्यात शेवटी वाचते. आधी तारीख, मग प्रतिज्ञापत्रावर सही कुणाची, मग ती काढली कशासाठी होती ते. कारण नाशिकच्या आसपास, दिंडोरी घ्या निफाड घ्या सिन्नर घ्या, जमिनीला भाव आला की वंशावळीलाही पालवी फुटते, ज्याचं नाव कुणी वर्षानुवर्षं घेतलं नव्हतं असा एखादा चुलत आजोबा अचानक दत्तक निघतो, आणि काही फांद्या मात्र गुपचूप वाळून जातात, बहुतेक वेळा बहिणींच्या. दिवाणी वकिलीत माझी नजरच तशी झालीये. मूळ पुरुष कोण होता यापेक्षा तो कुणाला आणि कधी आठवला, हे मला बघायचं असतं.

तर याच नजरेने मी सध्या आयर्लंडचे राजे वाचतेय आणि घरात सगळे मला हसतात. जेवताना कुणी विचारलं की आज काय वाचलंस आणि मी म्हटलं केनेल नोगन आणि केनेल कोनल, म्हणजे तिथली दोन राजघराणी, की संपलं, पुढे भाजीत मीठ कमी आहे यावरच गप्पा.

हे खूळ माझ्या भाच्याने लावलं. तो डब्लिनला आयटीत आहे. एकदा रात्री त्याचा मेसेज आला, "अगं मावशी, आमच्या टीममधला एक ओनील म्हणतो की तो नियाल राजाचा वंशज आहे, नऊ ओलिसांचा नियाल, पाचव्या शतकातला. असं खरंच सांगता येतं का गं? तुझं तर रोजचंच काम आहे हे." मी म्हटलं कागद दाखव म्हणावं. मला वाटलं विषय संपला, पण मग सहज शोधायला बसले तर कळलं की कागद आहेत, आणि थोडेथोडके नाहीत! सुरुवातीच्या मध्ययुगातल्या राजघराण्यांच्या एवढ्या तपशीलवार वंशावळी युरोपात दुसऱ्या कुठल्या देशाकडे क्वचितच असतील. हजारो नावं, फांद्या, उपफांद्या, कोण कुणाचा सावत्र भाऊ, कुणाचा वंश कुठे बुडाला, सगळं.

हे सगळं आहे हस्तलिखितांत. ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत रॉलिन्सन बी ५०२ नावाची पोथी आहे, साधारण ११३० च्या सुमाराची. लाइन्स्टरची पोथी १२व्या शतकातलीच, ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. मग १४व्या शतकाच्या शेवटाला बॅलिमोटची पोथी आणि तिच्या मागोमाग लेकनची, या दोन्ही रॉयल आयरिश अकादमीत. यांतल्या बऱ्याच पानांचे स्कॅन इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. मला जुनी आयरिश येत नाही, छापील आवृत्ती आणि भाषांतर शेजारी उघडून बसते, पण पान नुसतं डोळ्यांनी बघायलाही मजा येते. अगदी दाटीवाटीने भरलेले रकाने, त्यात नावाखाली नाव, आणि प्रत्येक नावाआधी 'मॅक'चा तोच तो छोटासा संक्षेप, अमक्याचा मुलगा, तमक्याचा मुलगा, खालून वर चढत चढत थेट नोहा आणि आदमपर्यंत. हो, आदम. चर्चच्या शाळांत शिकलेल्या लोकांनी लिहिलंय ना, मग बायबलला जोडल्याशिवाय वंश पूर्ण कसा होणार. आपल्याकडे सूर्यवंश चंद्रवंश असतो तसंच, त्याच्या अलीकडे कुणी थांबतच नाही.

आता ओनीलसाहेबांचं बघू, कारण त्यात एक गंमत आहे. ओनील हे आडनाव नऊ ओलिसांच्या नियालवरून आलेलंच नाही. ते आलंय दुसऱ्या नियालवरून, नियाल ग्लूनदुव, म्हणजे काळ्या गुडघ्याचा नियाल, जो ९१९ मध्ये डब्लिनजवळ नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांशी लढताना मारला गेला. त्याचा नातू डोनल, मृत्यू ९८०, याला 'नियालचा नातू' म्हणायला लागले आणि तेच पुढे आडनाव झालं. दोन नियालांमध्ये साडेचारशे वर्षांचं अंतर आहे. दुसरा नियाल पहिल्याच्या वंशातला होता असं वंशावळ सांगते आणि ते बहुधा बरोबरही आहे, पण नियाल म्हटलं की सगळ्यांना पहिलाच हवा असतो.

पण मग पहिल्या नियालपर्यंत पोचायचं कसं? इथे माझ्यातली वकील जागी झाली. वंशावळ ही एका पक्षाची कैफियत, तिला दुसरीकडून आधार लागतो. आयर्लंडमध्ये तो आधार म्हणजे मठांमधल्या वर्षवार नोंदी, यांना अ‍ॅनल्स म्हणतात. अल्स्टरच्या नोंदी ४३१ सालापासून सुरू होतात पण सुरुवातीचा बराच भाग नंतर मागे जाऊन भरलेला आहे, साधारण ६व्या शतकाच्या मध्यापासून पुढचं मात्र त्या त्या काळात लिहिलेलं दिसतं, आधी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरच्या मठात आणि ७४० च्या सुमारानंतर आयर्लंडमध्ये. नोंदी एकदम कोरड्या. अमका राजा मेला. तमक्याला त्याच्याच भावाने मारलं. गुरांना रोग आला. अशा नोंदीवर माझा विश्वास बसतो कारण ती लिहून कुणाला काही मिळणार नव्हतं.

मग वंशावळीतली नावं आणि नोंदींतले मृत्यू शेजारी शेजारी मांडायचे. उदाहरणार्थ कोलुम किले, ज्याला बाहेर संत कोलंबा म्हणतात, आयोनाचा मठ ज्याने काढला तो. हा राजघराण्यातला, केनेल कोनल शाखेचा. वंशावळ अशी: कोलुम किले, त्याचा बाप फेलिमी, त्याचा फर्गस, त्याचा कोनल गुल्बन, आणि कोनलचा बाप नियाल. कोलुम किले जन्मला साधारण ५२१ ला, वारला ५९७ ला. आता एका पिढीला ढोबळ तीस वर्षं धरा आणि मागे चला, ४९१, ४६१, ४३१, आणि नियालचा जन्म येतो ४०१ च्या आसपास. म्हणजे त्याची कर्तबगारी ५व्या शतकाच्या मध्याला. दुसऱ्या बाजूने तपासा, तारा म्हणजे आयर्लंडच्या राजांची सगळ्यात मानाची गादी, तिथला राजा दिअरमत, मृत्यू ५६५, वंशावळीप्रमाणे नियालचा पणतू. तोही हिशोब साधारण तिथेच येतो. पण १७व्या शतकात डोनेगलच्या चार पंडितांनी जुन्या नोंदी एकत्र करून जो मोठा ग्रंथ केला त्यात नियालचा मृत्यू दिलाय ४०५! मग एवढा फरक कसा? तर परंपरेने ठरवून टाकलं होतं की संत पॅट्रिक ४३२ ला आला आणि तो आला तेव्हा नियालचा मुलगा लोइगरे ताराच्या गादीवर होता. मग बापाला त्याआधी मारणं भागच होतं. तारीख अशी मागे सरकवलेली मी आमच्याकडे वाटणीपत्रांत बघितलीये, तिथे कारण संत नसतो एवढंच.

बरं, हे लोक एवढं लिहीत का बसले होते? हौस म्हणून कुणी हजार नावं जपत नाही.

याचं उत्तर त्यांच्या कायद्यात आहे आणि ते वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरळ झाले. जुन्या आयरिश कायद्यात घराण्याचं महत्त्वाचं एकक म्हणजे डेर्बफिने, म्हणजे एका पणजोबाचे सगळे पुरुष वंशज, चार पिढ्या. जमिनीवरचा हक्क, एकमेकांच्या देण्याची जबाबदारी, खुनाची भरपाई, सगळं त्या वर्तुळात. आणि आपल्या हिंदू कायद्यातली मिताक्षरा पद्धतीची सहदायिकी, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सा असणाऱ्यांचं वर्तुळ, काय आहे? मूळ पुरुष आणि त्याच्या खालच्या तीन पिढ्या, मुलगा नातू पणतू. तेच चार पिढ्यांचं गणित! कॉलेजात हे घोकताना कधी वाटलं नव्हतं की जगाच्या त्या टोकाला कुणीतरी हेच घोकत होतं. हे साम्य माझ्या आधी खूप लोकांना दिसलंय म्हणा. सर हेन्री मेन, जो १८६० च्या दशकात इथे व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर कायद्याचा मेंबर होता, त्याने १८७५ मध्ये आयरिश कायदा आणि हिंदू कायदा शेजारी ठेवून लिहिलं होतं, आणि त्यात धरण्याचीही गोष्ट आहे, म्हणजे देणेकरी बडा माणूस असेल तर त्याच्या दारात उपाशी बसायचं, हा प्रकार आयर्लंडमध्ये चक्क कायद्यातच होता. दाराबाहेर उपोषणाला माणूस बसला आणि घरमालक आत निवांत जेवला तर अब्रू घरमालकाची जायची.

राज्याच्या बाबतीत हेच चार पिढ्यांचं वर्तुळ जास्त धारदार होतं. थोरल्या मुलाला गादी असा नियम नव्हता. घराण्यातला लायक पुरुष राजा व्हायचा, आणि ढोबळमानाने असं सांगतात की बाप, आजोबा किंवा पणजोबा यांपैकी कुणीतरी राजा झालेला असला पाहिजे. प्रत्यक्षात माणसं, गुरं आणि तलवार कुणाकडे जास्त यावरच ठरायचं, पण हा विचार डोक्यात होताच. म्हणजे तुमच्या शाखेत तीन पिढ्या कुणी राजा झाला नाही की तुम्ही हळूहळू बाहेर, मग तुम्ही जहागीरदार, मग साधे शेतकरी. आता कळतं ना वंशावळ जपायला एवढा जीव का टाकायचे ते. आणि दुसऱ्याची वंशावळ बिघडवायलाही. ताराच्या गादीचंच बघा, ७३४ मध्ये केनेल कोनलच्या राजाला गादी सोडावी लागली आणि त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षं ती उत्तरेचे केनेल नोगन आणि दक्षिणेचे क्लान कोलमान या नियालच्याच वंशातल्या दोन शाखांमध्येच आलटून पालटून फिरली, मधला एखादा अपवाद सोडला तर. केनेल कोनल नियालचे थेट वंशज, संत कोलुम किले त्यांचा, तरी बाहेर ते बाहेरच.

नियालची जन्मकथा तर आपल्याला फार ओळखीची वाटेल. राजा एओखी, त्याची पट्टराणी मोंगफिन आणि तिचे चार मुलगे, ब्रियोन, फियाख्रा, आलिल, फर्गस. दुसरी बायको कारेन, तिच्या पोटी नियाल. मोंगफिन तिला गरोदरपणात विहिरीचं पाणी ओढायला लावते, पोर उघड्यावर जन्मतं, एक कवी त्याला उचलून नेतो आणि वाढवतो. पुढे पाचही भाऊ शिकारीला जातात, तहान लागते, विहिरीवर एक भयंकर कुरूप म्हातारी बसलेली, पाणी हवं तर मुका दे म्हणते, बाकीचे कचरतात, नियाल मात्र तिला मिठी मारतो आणि ती एकदम सुंदर स्त्री होते आणि सांगते की मी म्हणजे या देशाची सत्ता, आता ती तुझी आणि तुझ्या वंशाची. सावत्र आई, गादी आणि धाकट्यावर अन्याय, पंचवटीच्या गावात राहून ही गोष्ट वाचताना कैकेयी आठवणारच. पण ही कथा आत्ता आपण वाचतो त्या रूपात ११व्या शतकातली आहे, म्हणजे नियालनंतर सहाशे वर्षांनी. तेव्हा सत्ता नियालच्या वंशाकडे होती आणि ब्रियोन नि फियाख्रा यांचे वंशज पश्चिमेला कॉनॉटमध्ये राज्य करत होते. तर कथेने एका दगडात सगळं करून टाकलंय, कॉनॉटवाले आमचे भाऊच आहेत, थोरलेही आहेत, पण पाणी आम्ही प्यायलो. कोर्टात याला आम्ही कबुलीसह हक्क सांगणं म्हणतो. एकदम हुशार ड्राफ्टिंग.

आणि ड्राफ्टिंगचाच विषय निघालाय तर डाल काश घराण्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली ही केस आहे. ब्रायन बोरू हा आयर्लंडचा सगळ्यात प्रसिद्ध राजा, १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. त्याचं घराणं डाल काश, शॅनन नदीच्या काठचं, आजच्या क्लेअर भागातलं. दक्षिणेला मन्स्टर प्रांत, राजधानी कॅशेल, तिथे शेकडो वर्षं ओगनाख्ता नावाच्या घराण्याचं राज्य, आणि त्यांचा मूळ पुरुष ओगन मोर, आलिल ओलुम राजाचा मुलगा. आता ब्रायनचे पूर्वज जुन्या नोंदींत कोण आहेत? डेशी. म्हणजे कर देणाऱ्या, दुय्यम, मांडलिक लोकांपैकी, त्यांची उत्तरेकडची शाखा. १०व्या शतकात हेच लोक एकदम डाल काश या नावाने वावरायला लागतात. ब्रायनचा बाप केनेती ९५१ मध्ये वारतो, थोरला भाऊ महगवन कॅशेल जिंकतो आणि ९७६ मध्ये त्याचा खून होतो, मग ब्रायन सूड घेऊन ९७८ ला मन्स्टरचा राजा होतो. आणि वंशावळीत काय दिसतं? ब्रायन, केनेतीचा मुलगा, तो लोर्कानचा, तो लाख्तनाचा, असं वर जात जात काश येतो, आणि काशच्याही वर काही नावं चढली की येतो कोर्मक काश, आलिल ओलुमचा मुलगा, म्हणजे ओगन मोरचा सख्खा भाऊ!

बघा सांधा कुठे मारलाय ते. खालची नावं खरी असतील, केनेती तर नोंदींत आहेच. सगळ्यात वरचं नावही आधीपासून प्रसिद्ध. मधल्या अंधारात एक भाऊ निर्माण केला आणि सात-आठशे वर्षांपूर्वी वाटणी झाली होती असं दाखवलं. वर अशीही गोष्ट की आलिल ओलुमनेच सांगून ठेवलं होतं, दोन्ही मुलांच्या वंशांनी कॅशेलची गादी आलटून पालटून घ्यावी, म्हणजे ओगनाख्तांनी इतकी वर्षं आमचा हिस्सा दाबून ठेवला! मी हे वाचून मोठ्याने हसले. सामाईक जमिनीत हिस्सा मागणाऱ्या दाव्याचा मसुदा याहून वेगळा नसतो, मूळ पुरुष एक, भाऊ दोन, वाटप अर्धं अर्धं, आणि प्रतिवादीने वादीला वहिवाटीपासून बेकायदेशीर दूर ठेवलं. आणि एवढ्यावर थांबले नाहीत, ब्रायनचा पणतू मूर्खर्तख, मृत्यू १११९, याच्या काळात ब्रायनच्या पराक्रमाचा एक मोठा ग्रंथच लिहून घेतला गेला असं अभ्यासक मानतात. आज ब्रायनबद्दल सर्वसामान्य आयरिश माणसाला जे माहीत असतं त्यातलं बरंच त्या ग्रंथातून आलेलं आहे.

यात आयरिश लोकांना नाक मुरडण्यासारखं काही नाही हां. आपल्या जिल्ह्यातच बघा. देवगिरीचे यादव मुळात इथले, त्यांचा पहिला ठळक पुरुष दृढप्रहार, त्याची राजधानी चंद्रादित्यपूर म्हणजे आपलं चांदवड असं मानतात, आणि त्याच्या मुलाने, सेऊणचंद्राने वसवलेलं सेऊणपूर म्हणजे सिन्नर असं बहुतेक जण धरतात. संगमनेरला भिल्लमाचा इ.स. १००० चा ताम्रपट मिळालाय. तेव्हा हे राष्ट्रकूटांच्या आणि मग चालुक्यांच्या हाताखालचे. आणि १३व्या शतकात देवगिरी वैभवात असताना हेमाद्री पंडित व्रतखंडात राजप्रशस्ती लिहितो, ती चंद्रापासून सुरू होऊन यदू, कृष्ण, मथुरा, द्वारका करत दृढप्रहारापर्यंत येते. दृढप्रहाराच्या खालचा भाग लेखांशी बऱ्यापैकी जुळतो. वरचा भाग श्रीकरणाधिपाने, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख असलेल्या हेमाद्रीने, आपल्या राजासाठी लिहिलाय. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात गेले की मला आता हेमाद्रीच आठवतो, सरकारी कागद कसा करायचा हे त्याला पक्कं माहीत होतं.

बायकांचं काय, हा प्रश्न मला पहिल्यापासून छळत होता. राजवंशाच्या त्या लांबलचक रांगांत आई जवळजवळ नसतेच, मॅक मॅक मॅक. मग भाचा लाँग वीकेंडला डिंगलच्या बाजूला फिरायला गेला होता, तिथून त्याने डनमोर हेडवरच्या एका दगडाचा फोटो पाठवला. समुद्राच्या अगदी टोकावर, खाली लाटा आपटतायत, आणि एक उभा दगड, त्याच्या कडेवर नुसत्या आडव्या तिरप्या खाचा. ही ओगम लिपी, साधारण ४थ्या ते ६व्या शतकातली, म्हणजे पोथ्यांच्या कितीतरी आधीची. त्या खाचांत लिहिलंय की हा एर्क, अमक्याचा मुलगा, डोविनियाच्या वंशातला. आणि डोविनिया ही बाई! त्या भागातल्या कोर्कू दुइब्ने टोळीची आदिमाता, देवी म्हणा हवं तर. पुढे पोथ्यांच्या काळात याच टोळीला कोनारे नावाच्या राजाच्या वंशात नीट बसवून टाकलं, बाकीच्या घराण्यांच्या पद्धतीने. दगडावर मात्र बाई राहिली, दगड दुरुस्त करता येत नाही ना.

मी त्याला उलट पांडवलेण्याचा फोटो पाठवला. तिथल्या ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षातला. म्हातारी आई आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करते, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा वगैरे, राम अर्जुन भीमसेन यांच्या तोडीचा. मुलगा आईच्या नावाने ओळखला जातो, नातू वासिष्ठीपुत्र. अर्थात राज्य बापाकडूनच जायचं, म्हणून फार हुरळून जायचं नाही. तरी आमच्या तलाठी दप्तरातल्या वंशावळींपेक्षा बरं. सगळ्याच मुलींना सहदायिक व्हायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली आणि अजूनही 'बहिणींनी हक्कसोड केलंय' हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते.

आयर्लंडमध्ये निदान एकाने ही उणीव थोडी भरली. ११४७ मध्ये गिला मो दुतू नावाच्या कवीने प्रसिद्ध स्त्रियांची एक पद्यसूचीच केली, कोण कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई. ती बघितली की पुरुषांच्या रांगांमधलं राजकारण एकदम कळतं. गोर्मले घ्या, मृत्यू १०३०. लाइन्स्टरच्या राजाची मुलगी, डब्लिनच्या नॉर्स राजा ओलाफची बायको, पुढे ब्रायन बोरूची बायको. क्लॉन्टार्फला एका बाजूला ब्रायन, म्हणजे तिचा नवरा किंवा तोवर माजी नवरा, आणि विरुद्ध बाजूला तिचा ओलाफपासूनचा मुलगा सिट्रिक आणि तिचा सख्खा भाऊ मेलमोर्धा. ही लढाई आयरिश विरुद्ध परके अशी शिकवतात, पण गोर्मलेच्या बाजूने मांडून बघा, कौटुंबिक वाद वाटतो, आमच्या कोर्टात मध्यस्थीला पाठवला असता.

भाच्याने मध्येच डीएनएचं काढलं, कारण आजकाल सगळे तेच काढतात. २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की आयर्लंडच्या वायव्य भागात पाचातल्या एका पुरुषाचा वाय क्रोमोसोम, जो फक्त बापाकडून मुलाकडे जातो, तो एकाच प्रकारचा आहे, आणि ज्या आडनावांचा नियालशी संबंध सांगतात त्यांच्यात तो जास्त दिसतो. पेपरांनी लगेच मथळे केले, जगात तीस लाख नियालचे वंशज! नंतर एम-२२२ नावाच्या त्या खुणेचा जास्त बारीक अभ्यास झाला तेव्हा ती नियालच्या आधीची असावी असं बरेच जण म्हणायला लागले, आणि ती स्कॉटलंडात आणि उत्तर इंग्लंडातही मिळते. म्हणजे रिपोर्टमध्ये एम-२२२ आलं म्हणून नियाल पणजोबा ठरत नाही, फार तर एकाच वाड्यातले म्हणू. मला स्वतःला डाल काशचा भाग जास्त रंजक वाटला. त्यांच्या आडनावांत, म्हणजे ओब्रायन वगैरे, एल-२२६ नावाची खूण खूप सापडते आणि दक्षिण मन्स्टरमध्ये, म्हणजे ओगनाख्तांच्या मुलखात, दुसरीच एक, या दोन फांद्या एकमेकींपासून हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. कोर्मक काश आणि ओगन मोर सख्खे भाऊ असते तर असं कसं झालं असतं. उलटतपासणीत साक्षीदार फुटला म्हणायचं.

हे सगळं लिहून जपणारे कोण होते, तर पिढीजात इतिहासकार घराणी. त्यांना राजाकडून इनाम जमीन असायची आणि त्या बदल्यात वंश सांभाळायचा. त्यांपैकी स्लायगोचे मॅकफिरबिस, लेकनची पोथी त्यांच्याच घरची. त्या घराण्यातला शेवटचा मोठा पंडित दुअल्तख, त्याने १६४९ आणि १६५० मध्ये गॉलवे शहरात बसून वंशावळींचा प्रचंड ग्रंथ पूर्ण केला. त्या वेळी बाहेर काय चाललं होतं बघा, क्रॉमवेलचं सैन्य आयर्लंडमध्ये उतरलेलं, गॉलवेत प्लेगची साथ, ज्या राजघराण्यांचे वंश तो लिहितोय त्यांच्या जमिनी जप्त व्हायच्या मार्गावर. म्हणजे या वंशावळीवर दावा लावून मिळवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि हा माणूस तरीही लिहितोय, कुठली माहिती कुठल्या जुन्या पुस्तकातून घेतली तेही नोंदवतोय, दोन पोथ्यांत फरक असेल तर दोन्ही पाठ देतोय. त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसतो तो यामुळेच. १६७१ मध्ये म्हातारपणी त्याचा खून झाला.

आपल्याकडे रामकुंडावर आणि त्र्यंबकला तीर्थोपाध्यांकडे अशाच वह्या असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की ते बरोबर बाड काढतात आणि पान उलगडून आजोबा पणजोबा कधी आले होते ते वाचून दाखवतात. पण या वह्यांचा आणि आयरिश पोथ्यांचा एक मोठा फरक मला जाणवतो. उपाध्यांच्या वहीत आलेला माणूस आपल्या वेळी, आपल्या तोंडाने चार नावं सांगतो आणि बहुतेकदा सही करतो, पुढच्या पिढीचा माणूस खाली भर घालतो. आयरिश पोथी मात्र पुन्हा पुन्हा नव्याने उतरवली जायची, आणि दर वेळी उतरवणाऱ्याच्या डोक्यावर कुणीतरी राजा बसलेला असायचा. म्हणून तिथे एकाच घराण्याची तीन पोथ्यांतली वंशावळ ताडून बघावी लागते. फरक जिथे पडतो तिथे थांबायचं, त्या सुमाराला सत्ता कुणाची होती ते नोंदींत शोधायचं. बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

सध्या मी लाइन्स्टरच्या ई दूनलिंगे घराण्यात अडकलेय. राजा मुर्खध ७२७ ला मेला, त्याचे तीन मुलगे, दूनखध, फेलान आणि मुइरेधख, आणि या तिघांच्या वंशांनी प्रांताची गादी तीनशे वर्षं आपापसात फिरवली, १०४२ पर्यंत, चौथ्या कुणाला सहसा घुसू दिलं नाही. मारामाऱ्या भरपूर झाल्या, पण फिरवाफिरवी मोडली नाही. तीन भावांच्या वंशांनी तीनशे वर्षं सामाईक मिळकत टिकवली हे कसं काय जमवलं ते मला नोंदींतून शोधायचंय, त्यासाठी तिन्ही शाखांचे मृत्यू एका तक्त्यात भरत बसलेय, आत्ता ८३० च्या आसपास पोचलेय.